आजारी जहाजाला बंदर कोण देणार?

मधली_पाळी

मालवाहू जहाजावर सेकंड मेट (कप्तानाच्या हाताखालचा एक अधिकारी) असताना औषधांच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असायची. बऱ्याच कंपन्यांत हीच पद्धत आहे. जहाजावर डॉक्टर नसतो, पंचवीसेक माणसं असतात, आणि कुणाला ताप आला की आधी पुस्तक उघडायचं, मग कप्तानाला सांगायचं, मग रेडिओवरून किनाऱ्यावरच्या डॉक्टरचा सल्ला घ्यायचा. त्यामुळे बंदरात शिरण्याआधी जो आरोग्य जाहीरनामा (मेरिटाइम डिक्लरेशन ऑफ हेल्थ) भरावा लागतो, तो बहुतेक वेळा मीच तयार करायचो. सही कप्तानाची.

या जाहीरनाम्यात नऊ प्रश्न असतात. प्रवासात अपघात सोडून दुसऱ्या कारणाने कुणी दगावलं का? संसर्गजन्य वाटेल असा आजार कुणाला झाला का? आजाऱ्यांची संख्या नेहमीपेक्षा जास्त आहे का? आत्ता कुणी आजारी आहे का? कुणी लपून चढलेला माणूस सापडला का? एखादं जनावर आजारी आहे का? उत्तरं हो किंवा नाही, 'हो' असेल तर तपशील जोडायचा. शिवाय डॉक्टर नसेल तर कशावरून संशय घ्यायचा तेही खाली छापलेलं असतं: बरेच दिवस न उतरणारा ताप, किंवा तापासोबत ग्लानी, गाठी, कावीळ, धाप, अकारण रक्तस्राव. ताप नसला तरी अंगावर एकाएकी पुरळ, जोराचे जुलाब, उलट्या.

आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली (२००५ साली स्वीकारलेली, जून २००७ पासून लागू) म्हणते की आरोग्याच्या कारणावरून कुठल्याही जहाजाला बंदरात येण्यापासून रोखू नये. त्या बंदरात तपासणीची सोय नसेल तर जहाजाला जवळच्या सोयीच्या बंदराकडे पाठवता येतं. कलम २८ वाचा, तिथे हे स्पष्ट लिहिलंय. त्याच नियमावलीत कलम ४३ आहे, ज्यात देशांना कारण दाखवून जादा उपाय करता येतात. साथ आली की सगळे कलम ४३ च्या आडोशाला जातात.

हा धागा काढायचं कारण असं की जाहीरनाम्याची सगळी व्यवस्था एका माणसाच्या खरेपणावर उभी आहे. कप्तानाने 'हो' लिहिलं आणि त्या 'हो'बद्दल जहाजाला दोन आठवडे बाहेर नांगरावर ठेवलं, आजारी माणसालाही उतरवून घेतलं नाही, तर मागून येणाऱ्या प्रत्येक जहाजाला त्यातून काय कळतं? बंदर बंद केल्याने साथ थांबते असं लोकांना वाटतं. मला वाटतं, त्यामुळे बऱ्याचदा फक्त माहिती थांबते.

तुमचे अनुभव सांगा.

शिडीखाली

छान विषय. मी या क्षेत्रातला नाही, म्हणून साधा प्रश्न: बंदरात यायची परवानगी मिळते म्हणजे नेमकं काय होतं? पिवळा झेंडा लावलेलं जहाज म्हणजे रोगी जहाज ना?

कागदपत्रवाली

शिडीखाली, पूर्वी पिवळा झेंडा रोगाची खूण होती. आज उलट आहे. आजच्या संकेतावलीत पिवळा 'क्यू' झेंडा म्हणजे 'माझं जहाज निरोगी आहे, मला फ्री प्रॅटिक द्या'. फ्री प्रॅटिक म्हणजे किनाऱ्याशी संबंध ठेवायची मोकळीक. ती मिळेपर्यंत कुणी उतरायचं नाही, कुणी चढायचं नाही, माल हलवायचा नाही.

मी शिपिंग एजंटच्या ऑफिसात काम करते. साधारण दिवसात हे सगळं ईमेलवर उरकतं. जाहीरनामा, खलाशांची यादी, लसीकरणाची यादी, मागच्या ३० दिवसांत लागलेली बंदरं, स्वच्छता प्रमाणपत्र, हे आधी पाठवायचं आणि बंदराच्या आरोग्य अधिकाऱ्याकडून जहाज पोचण्याआधीच होकार येतो. स्वच्छता प्रमाणपत्राची मुदत ६ महिने असते, फार तर एक महिना वाढवून मिळतो. त्यासाठी स्वयंपाकघर, कोठार, पिण्याच्या पाण्याच्या टाक्या, सांडपाणी, उंदरांच्या लेंड्या, सगळं बघतात. पूर्वी याच जागी नुसतं उंदीर मारल्याचं प्रमाणपत्र असायचं.

साथीच्या दिवसांत हेच काम पूर्ण बदलतं. लाँच भाड्याने घ्यायची, डॉक्टरला घेऊन बाहेर अँकरेजला, म्हणजे जहाज नांगर टाकून थांबतं तिथे, जायचं. समुद्र खवळलेला असेल तर डॉक्टर शिडीला हात लावायलाही तयार नसतात, आणि त्यांचं चुकतं असं नाही. वर गेल्यावर सगळे खलाशी डेकवर अंतर ठेवून उभे, एकेकाचा ताप बघायचा, औषधांच्या नोंदवहीत मागच्या आठवड्यात पॅरासिटामॉल किती गेल्या ते बघायचं. हो, हुशार डॉक्टर आधी तेच बघतात. जाहीरनाम्यात सगळीकडे 'नाही' आणि वहीत तापाच्या गोळ्यांच्या तीन पट्ट्या संपलेल्या असल्या की पुढचं संभाषण लांबतं.

करारनामा

मी चार्टरिंगमध्ये, म्हणजे जहाजं भाड्याने देण्या-घेण्याच्या धंद्यात आहे. पैशाची बाजू मांडतो, कारण खोटेपणाची मुळं बऱ्याचदा तिथे असतात.

जहाज भाड्याने देण्याच्या दोन मुख्य तऱ्हा. व्हॉयेज चार्टरमध्ये (एका फेरीसाठी) माल चढवायला-उतरवायला ठरावीक वेळ मिळतो, तो ओलांडला की डेमरेज, म्हणजे उशिराची भरपाई. हा वेळ कधी मोजायला लागायचा? जहाजाने 'तयार आहे' अशी नोटीस दिल्यावर. फ्री प्रॅटिक मिळालेलं नसताना दिलेली नोटीस चालते का? १९७१ च्या डेलियन स्पिरिट खटल्यात इंग्लंडच्या न्यायालयाने सांगितलं की फ्री प्रॅटिक ही एरवी औपचारिकता आहे, ती बाकी असल्यामुळे नोटीस बाद होत नाही. पण जहाजावर खरोखर आजार असेल तर ती औपचारिकता उरत नाही, आणि वाद सुरू होतो.

टाइम चार्टरमध्ये (ठरावीक मुदतीसाठी) भाडं रोजचं. १९७८ चा अपोलो खटला बघा: दोन खलाशांना टायफस असल्याचा संशय, त्यामुळे तपासणी आणि निर्जंतुकीकरणात जहाजाचा एक दिवसाहून जास्त वेळ गेला. न्यायालयाने तेवढा वेळ ऑफ-हायर धरला, म्हणजे त्या काळाचं भाडं मालकाला मिळालं नाही. आता विचार करा, कप्तानाच्या हातात जाहीरनामा आहे, कुकला कालपासून बारीक ताप आहे, आणि त्याला माहीत आहे की एका 'हो'मुळे कंपनीचं रोजचं हजारो डॉलरचं उत्पन्न थांबू शकतं. कंपनी त्याला तोंडी काही म्हणत नाही. गरजच नसते.

इबोलानंतर, २०१५ मध्ये, बिम्को या जहाजधंद्याच्या संघटनेने संसर्गजन्य रोगांसाठी वेगळं कलम तयार केलं. जिथे खलाशांना खरा धोका आहे अशा बंदरात जायला मालक नकार देऊ शकतो. आणि चार्टररच्या, म्हणजे जहाज भाड्याने घेणाऱ्याच्या, हुकमावरून जहाज अशा भागात गेलं असेल, तर त्यापायी पुढे होणारा विलंब आणि खर्च चार्टररच्या माथी. पण ते कलम करारात घातलेलं असेल तरच उपयोग. जुन्या नमुन्यावरचे कित्येक करार त्याशिवायच होतात.

तारवेवाला

मधली_पाळी, तुमचा मुद्दा मला पटतो, पण इतिहास दोन्ही बाजूंनी बोलतो.

रागुझा, म्हणजे आजचं दुब्रोव्हनिक, यांनी १३७७ मध्ये साथीच्या भागातून येणाऱ्यांना ३० दिवस वेगळं ठेवायचा नियम केला. व्हेनिसने १४२३ मध्ये एका बेटावर रोग्यांसाठी कायमचं ठिकाण उभारलं. लक्षात घ्या, ही दोन्ही व्यापारावर जगणारी शहरं. जहाज आलंच नाही तर उपासमार, म्हणून त्यांनी जहाज घ्यायचं पण माणसं आणि माल वेगळा ठेवायचा, असा मार्ग काढला.

आणि मग फ्रान्समधल्या मार्सेयचा प्लेग, १७२०. ग्रँ-सेंत-आंत्वान हे जहाज लेव्हांतहून (भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याहून) कापड आणि कापूस घेऊन २५ मे रोजी पोचलं. वाटेत माणसं मेली होती. इटलीतल्या लिव्होर्नोला हे जहाज उतरू दिलं नव्हतं. कप्तानाने मृत्यू लपवले नाहीत. पण मालात शहरातल्या वजनदार लोकांचा पैसा होता, त्यात नगरप्रशासनातला एक जण होता, आणि बोकेरची मोठी व्यापारी जत्रा तोंडावर आली होती. माल दूरच्या बेटावर ठेवायचा तो शहराच्या विलगीकरण केंद्रातच उतरवला गेला. पुढच्या दोन वर्षांत सुमारे ९० हजार वस्तीच्या शहरातली जवळपास निम्मी माणसं गेली. म्हणजे कप्तान खरं बोलला तरी ऐकणारा विकला गेलेला असेल तर काय?

खडकावरचा_दिवा

तारवेवाल्यांच्या पुढे जाऊन बोलतो. बंदर बंद करणंच बरोबर, निदान लहान ठिकाणी तरी. १९१८ ची सामोआ बेटं घ्या. ७ नोव्हेंबरला टालून नावाचं जहाज ऑकलंडहून आपियाला आलं, त्यावर इन्फ्लुएंझाचे रोगी होते, उतरू दिलं. न्यूझीलंडच्या ताब्यातल्या पश्चिम सामोआत एक पंचमांशाहून जास्त लोक मेले, साधारण साडेआठ हजार. जवळच्याच अमेरिकन सामोआत गव्हर्नर जॉन पॉयर यांनी दार लावून घेतलं. तिथे या साथीने एकही मृत्यू नाही. यापुढे कुठलं कलम २८ सांगणार तुम्ही?

मधली_पाळी

खडकावरचा_दिवा, पॉयरच्या निर्णयाला माझा पूर्ण मान आहे. पण टालूनचं उदाहरण माझ्या बाजूचं जास्त आहे. आजारी माणसं जहाजावर होती, तरी त्याला निरोगी समजून मोकळं सोडलं. तिथे जाहीरनामा आणि तपासणी दोन्ही फसली. खरी माहिती वेळेवर मिळाली असती तर जहाज बाहेर थांबवता आलं असतं. दार लावायचं की नाही हा प्रश्न नंतरचा. दारावर कोण आलंय हे आधी कळायला हवं.

डॉ_किनारा

बंदर आरोग्य विभागात काम केलेलं असल्याने दोन शब्द.

इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होताहेत. जहाजाला प्रवेश देणं वेगळं आणि जहाजावरच्या माणसांना गावात सोडणं वेगळं. जहाज धक्क्याला लागू शकतं, क्रेनने माल उतरू शकतो, गँगवे (जहाजावर चढायची शिडी) वर उचललेला राहू शकतो, खलाशी आत राहू शकतात, आणि एक आजारी माणूस ठरलेल्या वाटेने रुग्णवाहिकेतून इस्पितळात जाऊ शकतो. हे सगळं एकाच वेळी शक्य आहे. त्यासाठी धक्का ठरलेला हवा, रुग्णवाहिका ठरलेली हवी, इस्पितळात खाट ठरलेली हवी, आणि पायलटला (जहाजाला बंदरात वाट दाखवणाऱ्याला) पूर्ण संरक्षक पोशाख हवा. कोविडच्या आधी अनेक बंदरांकडे ही योजना कागदावर होती. रुग्णवाहिकेचा चालक कोण, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

डायमंड प्रिन्सेस हे प्रवासी जहाज आठवा. ३ फेब्रुवारी २०२० ला योकोहामाला पोचलं, ३,७११ माणसं, त्यांतली ७१२ बाधित निघाली. प्रवाशांना केबिनमध्ये कोंडलं, पण खलाशी दुहेरी केबिनांत झोपत होते आणि रोज जेवणाचे ट्रे वाटत होते. जहाजालाच विलगीकरण केंद्र मानलं की असं होतं. जहाज त्यासाठी बांधलेलंच नसतं.

त्याच सुमाराला वेस्टरडॅम हे दुसरं प्रवासी जहाज एकामागून एक बंदरांनी परतवलं आणि शेवटी कंबोडियाच्या सिहानुकविलने घेतलं. त्या जहाजावर साथ नव्हतीच. नुसत्या शंकेवर दोन हजारांवर माणसं भटकत राहिली.

बेटांबद्दल: पॉयरचा उपाय चालला, कारण बेट लहान होतं, निर्णय लवकर झाला, आणि लोकांनी स्वतः पहारा दिला. ज्या बंदरातून कोट्यवधी लोकांचं धान्य आणि औषधं येतात, तिथे ते चालत नाही.

वाट_पाहणारी

मी फक्त वाचते इथे, आज लिहिते.

माझे मिस्टर मोठ्या जहाजावर चौथे इंजिनिअर आहेत. २०२० मध्ये त्यांचा करार संपला, आणि जहाज जिथे जाई तिथे माल घेत होते, माणूस उतरू देत नव्हते. कोळसा चालायचा, धान्य चालायचं, माणूस चालायचा नाही. कंपनीने दर वेळी सांगितलं, पुढच्या बंदरात बघू. पुढच्या बंदरातही तेच उत्तर. ते नंतर फोनवर बोलेनासेच झाले. रागावले नव्हते, सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. इंजिनरूममध्ये त्यांच्या सोबतच्या ऑइलरची दाढ सुजली, गाल एवढा वर आला, तरी दंतवैद्याकडे न्यायला परवानगी नाही. त्याला कोविड नव्हता. कुणालाच नव्हता. जहाज इतके दिवस समुद्रात होतं की त्यांच्याइतकी सुरक्षित माणसं त्या बंदरात दुसरी नसतील.

डॉक्टरसाहेब, तुम्ही योजना म्हणता ते बरोबर असेल. पण खलाशी 'अत्यावश्यक कामगार' आहेत एवढं म्हणायलाही देशांना किती महिने लागले.

डॉ_किनारा

ताई, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. यावर माझ्याकडे समर्थन नाही. २०२० च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या अंदाजाने सुमारे ४ लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकले होते, आणि जवळपास तेवढेच घरी कामाविना थांबले होते. त्याच डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव करून खलाशांना अत्यावश्यक कामगार माना असं आवाहन केलं.

कागदपत्रवाली

वाट_पाहणारी, मी तेव्हा पलीकडच्या टेबलावर होते. एका माणसाला उतरवायला इमिग्रेशन, आरोग्य, बंदर, विमान कंपनी आणि त्याच्या देशाचा दूतावास, सगळ्यांचे होकार एकाच दोन-तीन दिवसांत जुळवावे लागत. चाचणीचा अहवाल ७२ तासांचा, जहाज धक्क्यावर ३० तास, आणि विमान आठवड्यातून एकदा. एक कडी तुटली की जहाज सुटायचं आणि माणूस परत वर. तुमच्या मिस्टरांसारखी नावं मी यादीत पुन्हा पुन्हा लिहिलेली आहेत.

सागरी कामगार करारानुसार सलग नोकरी १२ महिन्यांच्या आतच संपायला हवी, म्हणजे व्यवहारात ११ महिने. ऑस्ट्रेलियाच्या सागरी सुरक्षा प्राधिकरणाने या कारणावरून काही जहाजं चक्क अडकवून ठेवली, तेव्हा कुठे मालक हलले.

पुढे त्या करारात दुरुस्त्या झाल्या, डिसेंबर २०२४ पासून लागू आहेत. तातडीच्या उपचारांसाठी खलाशाला लगेच उतरवून घेणं आणि जहाजावर दगावलेल्याचं शव मायदेशी पाठवायला मदत करणं, ही आता देशांची जबाबदारी आहे. २०२१ मध्ये एका कंटेनर जहाजाच्या इटालियन कप्तानाचा समुद्रात मृत्यू झाला होता आणि एकामागून एक देशांनी शव उतरवू दिलं नाही. शेवटी जहाजच इटलीकडे न्यावं लागलं. हे असलं लिहून ठेवावं लागतं याचंच वाईट वाटतं.

यार्डप्लॅन

टर्मिनलच्या बाजूने एक गोष्ट राहिली. जहाज निरोगी, पण बंदरच आजारी, याचं काय?

ऑगस्ट २०२१: चीनमधल्या निंगबो बंदराच्या मेईशान टर्मिनलवर एक कामगार बाधित निघाला आणि टर्मिनल सुमारे दोन आठवडे बंद. एकच माणूस! त्याआधी मे-जूनमध्ये तिथल्याच यांतियान बंदराचं काम नेहमीच्या एक तृतीयांशाच्या आसपास आलं होतं. जहाजं त्या बंदराला वळसा घालून पुढे गेली, त्यांचे कंटेनर शेजारच्या बंदरांत उतरले, मग तिथे जागा भरली.

सगळ्यात शिकण्यासारखी अवस्था फेब्रुवारी २०२० मधली होती. चीनमधली बंदरं नावाला चालू होती, पण ट्रकचालक गावाकडे अडकलेले. मांस-फळांचे रेफर (माल थंड ठेवणारे) कंटेनर उतरले आणि उचलायला कोणी नाही. रेफरला सतत वीज लागते. शांघाय आणि शिंगांगला प्लगच संपले. जहाजांवर रेफर तसेच ठेवून पुढे न्यावे लागले. म्हणजे बंदर उघडं आहे असं कागदावर म्हणता येतं, पण ट्रकवाला, क्रेनवाला आणि कस्टमचा माणूस आले तरच ते उघडं.

जानेवारी २०२२ मध्ये लॉस एंजेलिस-लाँग बीचला शंभराहून जास्त कंटेनर जहाजं रांगेत होती. त्या रांगेमागे साथ एकटीच नव्हती, लोकांनी घरबसल्या केलेली खरेदीही होती.

करारनामा

यार्डप्लॅन, बरोबर. आणि २०२१ च्या सप्टेंबरात ४० फुटी कंटेनरचं सरासरी भाडं ड्र्युरी या सल्लागार कंपनीच्या निर्देशांकाप्रमाणे १० हजार डॉलरच्या वर गेलं होतं. साथीच्या आधी ते दोन हजारांच्या आत असायचं.

आणखी एक, १४ दिवसांचा नियम. अनेक बंदरांनी मागचं बंदर सोडल्यापासून १४ दिवस मोजले. त्यामुळे लांबच्या प्रवासाला काहीच त्रास नाही, समुद्रातच दिवस भरतात. पाच दिवसांच्या अंतरावरून येणारं जहाज मात्र नऊ दिवस बाहेर तरंगणार. इबोलाच्या वेळी हेच २१ दिवसांच्या हिशेबाने झालं. जागतिक आरोग्य संघटनेने ऑगस्ट २०१४ मध्ये सरसकट प्रवास-व्यापारबंदी नको म्हणून सांगितलं होतं, तरी गिनीचं बॉक्साइट आणि सिएरा लिओनचं लोहखनिज आणणाऱ्या जहाजांना पुढची बंदरं नको तितके प्रश्न विचारत होती.

तळटाकी

इंजिनवाल्यांकडून: माणसांबद्दल बोलताय, पाण्याचं विसरू नका. १९९१ मध्ये पेरूत कॉलरा उसळला, आणि त्याच सुमारास अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावर आलेल्या मालवाहू जहाजांच्या बॅलास्ट पाण्यात (तोल राखायला टाक्यांत भरलेल्या पाण्यात) तोच जंतू सापडला. बॅलास्ट वॉटरचा आंतरराष्ट्रीय करार २००४ चा, लागू व्हायला २०१७ उजाडलं. टाकीतून सोडायच्या पाण्यात किती जंतू चालतील हे सांगणाऱ्या त्याच्या डी-२ मानकात कॉलऱ्याच्या जंतूची मर्यादा वेगळी दिलेली आहे. हा प्रश्न जाहीरनाम्यातल्या नऊ प्रश्नांत नाही. खलाशी ठणठणीत, टाकीत काय आहे ते कुणाला दिसत नाही.

शिडीखाली

खूप शिकायला मिळालं. मधली_पाळी, शेवटचा प्रश्न. तुम्ही स्वतः त्या जागी असाल, बंदर दोन दिवसांवर आहे आणि कुणाला ताप आला, तर काय कराल? आणि 'हो' लिहून कधी चांगला अनुभव आला का?

मधली_पाळी

आधी त्याला स्वतंत्र संडास-बाथरूम असलेल्या केबिनमध्ये हलवायचं. एअर कंडिशनिंगची तिथली फिरती हवा चीफ इंजिनिअरला सांगून बंद करून घ्यायची. जेवण दाराबाहेर, भांडी वेगळी, जाणारा माणूस एकच. ताप, नाडी, श्वास दर चार तासांनी लिहायचे, वेळ टाकून. मग रेडिओ मेडिकल. रोममधली सीआयआरएम ही सेवा १९३५ पासून जहाजांना फुकट सल्ला देते, इतरही देशांच्या आहेत. डॉक्टरने काय सांगितलं ते शब्दशः उतरवायचं, कारण आरोग्य अधिकाऱ्याला सगळ्यात जास्त भरवसा त्या कागदाचा वाटतो. आणि एजंटला त्याच तासाला कळवायचं, दोन दिवस आधी. नियमावलीही हेच सांगते की आजार कळला की पोचण्याआधी शक्य तितक्या लवकर कळवा. पायलट चढल्यावर सांगितलं तर कुणीच मदत करू शकत नाही.

चांगला अनुभव आहे. एका कॅडेटला ताप आणि अंगभर पुरळ आलं. कप्तानाने क्षणभरही न घुटमळता 'हो' लिहिलं आणि फोटो पाठवले. अँकरेजला डॉक्टर आल्या, केबिनच्या दारात उभ्या राहून त्याच्याशी त्याच्या आईसारख्या बोलल्या, पाठ बघितली, कांजिण्या म्हणाल्या. कुणाकुणाला आधी होऊन गेल्यात त्याची यादी माझ्याकडून घेतली. ज्यांना झाल्या नव्हत्या त्यांना मालाच्या कामावरून वेगळं ठेवायला सांगितलं, आणि संध्याकाळी धक्का मिळाला. कॅडेट जहाजावरच बरा झाला.

त्या कप्तानाच्या हाताखाली पुढे मी बरेच महिने होतो. ताप अंगावर काढून कुणी कामावर आला असं त्या जहाजावर पुन्हा झालं नाही. पोरं आपणहून माझ्या दारात येऊन थर्मामीटर मागायची.

डॉ_किनारा

हीच नोंद ठेवायची पद्धत सगळ्यांनी ठेवावी. एक भर: तापाची नोंद करताना त्या माणसाने मागच्या बंदरात कुठे पाय ठेवला होता, आणि जहाजावर कोण कोण चढलं होतं, तेही लिहा. गँगवेच्या वहीतून काढता येतं. आम्हाला पहिला प्रश्न तोच पडतो.